पेंटरचे सातशे रुपये

आमच्या घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक जुनी हिशेबवही आहे. लांबट, लाल कापडी पाठीची. २००१ सालच्या जयंती उत्सव समितीची ती वही. तेव्हा आम्ही धुळ्याला वस्तीत राहत होतो. नुकतेच बी.कॉम. झालो होतो. वस्तीत बी.कॉम. झालेले आम्ही एकटेच, म्हणून समितीने खजिनदारकी आमच्या गळ्यात घातली. आम्हाला तो फार मोठा मान वाटला. वर्गणीची प्रत्येक पावती, मंडप, लाऊडस्पीकर, फुले, मेणबत्त्या, सगळा खर्च आम्ही त्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढला. समितीच्या सभेत जमाखर्च वाचून दाखवला तेव्हा पै न् पैचा मेळ बसला होता. टाळ्या झाल्या.

तो मेळ कसा बसला हे त्या सभेत कोणी विचारले नाही. वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ आहे : ‘पेंटर, बाकी रु. ७००, पुढील वर्षी.’ ही ओळ शाईने लिहिलेली नाही, पेन्सिलीने आहे. जमाखर्चात ती आम्ही घेतलीच नाही.

पेंटर म्हणजे आमच्या वस्तीतले पेंटर आप्पा. व्यासपीठामागचा पडदा त्यांनी रंगवला होता. बारा फूट उंच आणि अठरा फूट रुंद मांजरपाट, त्याला आधी खळ आणि सफेद्याचे अस्तर, मग दोरीने चौकोन आखून छोट्या फोटोवरून मोठा केलेला बाबासाहेबांचा चेहरा. मागे दीक्षाभूमी. आठ रात्री ते विहाराच्या ओट्यावर दोनशेच्या बल्बखाली बसून होते. दिवसा दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यांवरची अक्षरे, आणि रात्री हे काम. बिल दिले अठराशेचे. त्यात रंग, कापड आणि ब्रश यांचेच हजाराच्या आसपास झाले होते. आम्ही अकराशे दिले. चौदा तारखेला व्यासपीठावर बोलावून शाल दिली, गुच्छ दिला आणि खाली उतरल्यावर म्हणालो, ‘आप्पा, हे समाजाचे काम आहे. बाकीचे पुढच्या वर्षी बघू.’ मंडपवाल्याला मात्र पूर्ण पैसे दिले. बँडवाल्याला तर आगाऊ दिले, नाहीतर तो आलाच नसता.

आप्पा काही बोलले नाहीत. शाल खांद्यावर टाकली आणि सायकलवरून गेले. पुढच्या वर्षी समिती बदलली. २००४ साली आम्हाला लिपिकाची नोकरी लागली आणि आम्ही जळगावला आलो. त्या सुमारास फ्लेक्स आले. एका रात्रीत छापून मिळणारा चेहरा, हवा तेवढा मोठा, शिवाय खाली सगळ्या कार्यकर्त्यांचे फोटो. मग पडदा रंगवायला कोण सांगतो? पुढे नोकरीत आणि चळवळीच्या कामात वर्षे गेली. ती पेन्सिलीची ओळ आम्ही विसरलो होतो असे म्हणणे सोपे आहे. खरे तर विसरलो नव्हतो. एवढी वर्षे वही टाकून दिली नाही ती त्याचमुळे असावी.

आता आमच्यावर पाळी आली.

आमची धाकटी एकवीस वर्षांची आहे. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकलेच्या परीक्षा तिने ‘ए’ श्रेणीत दिल्या. पुढे एटीडी केले. तिने कुठेतरी कलाशिक्षिका म्हणून चिकटावे, निदान बँकेच्या परीक्षेला बसावे, असे आम्ही आणि तिची आई गेली दोन वर्षे घोकत आहोत. तिचे म्हणणे वेगळे. तिला पुस्तकांसाठी चित्रे काढायची आहेत. कोणाच्या नोकरीत नाही, स्वतंत्रपणे. काम येईल तेव्हा काम, नाही तेव्हा नाही. ‘म्हणजे रोजंदारी,’ आम्ही म्हणालो. ‘रोजंदारीवाल्याला संध्याकाळी पैसे मिळतात, पप्पा,’ असे उत्तर मिळाले.

ते उत्तर उगाच नव्हते. एका प्रकाशकाने मुलांच्या पुस्तकासाठी तिच्याकडून बारा चित्रे करून घेतली. चित्राला सहाशे रुपये ठरले होते, म्हणजे सात हजार दोनशे. प्रत्येक चित्र चार-पाच वेळा बदलून मागितले. सुरुवातीला तीन हजार आले. बाकीचे चार हजार दोनशे गेल्या दिवाळीपासून ‘पुढच्या आठवड्यात’ आहेत. पुस्तक मात्र छापून आले. चित्रकाराचे नाव कुठे आहे ते आम्ही चष्मा लावून शोधले. कुठेच नव्हते. आम्ही संतापलो. फोन करून प्रकाशकाला दोन शब्द सुनावले. तेव्हा तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, ‘साहेब, मुलांसाठीचे काम आहे, एक प्रकारची समाजसेवाच आहे ही.’

फोन ठेवल्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. ते वाक्य ओळखीचे होते.

याच दिवसांत धाकटीने ग्रंथालयातून एक पुस्तक आणले. त्याचे नाव ‘भीमायन’. बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवरचे हे चित्रमय पुस्तक २०११ साली दिल्लीच्या ‘नवयान’ या प्रकाशनाने काढले. मूळ इंग्रजीत आहे, पुढे परदेशी भाषांतही गेले. कथा लिहिली श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी, आणि चित्रे काढली दुर्गाबाई व्याम आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांनी. हे दोघे मध्य प्रदेशातले परधान गोंड. चित्रकारांची नावे मुखपृष्ठावर ठळक छापली आहेत. हे आम्हाला धाकटीने पहिल्यांदा बोट ठेवून दाखवले. पुस्तक उघडण्याच्या आधी.

उघडल्यावर आम्ही जरा गडबडलो, हे कबूल केले पाहिजे. बाबासाहेब कसे दिसावेत हे आपल्या लोकांच्या मनात पक्के बसलेले आहे. निळा कोट, गोल चष्मा, हातात ग्रंथ. डोळे जरा चुकले तरी आपण पेंटरला पुन्हा शिडीवर चढवतो. इथे तर चेहरे बाजूने काढलेले, डोळे मोठाले आणि अंगभर बारीक रेघा व ठिपके. विहारात दोन ज्येष्ठ उपासकांना दाखवले. एक म्हणाले, ‘हे आपले बाबासाहेब नव्हेत.’ दुसरे पाने उलटत राहिले आणि नंतर विचारले, ‘ही आगगाडी सापासारखी का काढली?’

तोच प्रश्न आम्हीही केला होता. धाकटीने समजावले ते असे. दुर्गाबाई लहानपणी आजीकडून भिंतीवर आणि अंगणात ‘दिगना’ काढायला शिकल्या. सणावाराला, लग्नाला मातीने सारवलेल्या भिंतीवर काढायची ही नक्षी. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. परधान म्हणजे गोंडांचे गायक. ‘बाना’ हे वाद्य वाजवून गोंडांच्या घरी त्यांच्या पूर्वजांच्या कथा गायच्या आणि धान्य, कपडे, जनावर जे मिळेल ते घ्यायचे. राजाश्रय संपला, यजमान गरीब झाले, गाणे थांबत गेले. मग त्यांच्यातलाच एक तरुण जनगढसिंह श्याम याची चित्रे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनातल्या मंडळींनी पाहिली आणि त्याला भोपाळला आणले. त्याने गाण्यातल्या कथा कागदावर उतरवल्या. त्याच्या मागोमाग नात्यातले, गावातले कितीतरी लोक भोपाळला आले आणि त्याच्या हाताखाली शिकले. दुर्गाबाई आणि सुभाष हेही त्याच्या नात्यातले. सुभाष आधी मातीची आणि लाकडाची शिल्पे करत. म्हणजे ज्यांचे वाडवडील कथा गाऊन पोट भरत, ते आता कथा रंगवून भरतात. त्यांच्या चित्रात रस्ता हा रस्ता नसतो आणि गाडी ही गाडी नसते. ते सगळे जिवंत प्राणी असतात.

चित्रकथेत आपण चौकटी पाहतो. एक चौकट, दुसरी चौकट. व्याम दांपत्याने चौकटी आखायला नकार दिला. माणसे डब्यात कोंडली की त्यांचा जीव घुसमटतो, खुल्या जागेत काढू, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्या पुस्तकात दिगन्याच्या वळणदार पट्ट्याच पानाचे भाग पाडतात. आणि माणसे बोलतात ते शब्द ज्या फुग्यात लिहितात, त्यातही गंमत आहे. सौम्य बोलणाऱ्याचा, पीडिताचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जातीचा विखार ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. आमच्या मंडळींना हे सगळ्यात आवडले. पोरीची आई म्हणाली, ‘आमच्या कारखान्यातल्या सुपरवायझरला नांगीवालाच फुगा लागेल.’

हे दोघे कुठे कुठे पोहोचले ते थोडे सांगितले पाहिजे, कारण धाकटी त्याच वाटेवर जाऊ म्हणते. दुर्गाबाई, भज्जू श्याम आणि रामसिंह उर्वेती या तिघांनी मिळून झाडांच्या रात्रीच्या जीवनावर एक पुस्तक केले. चेन्नईच्या ‘तारा बुक्स’ने ते काळ्या कागदावर हाताने छापले, आणि २००८ साली इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात त्याला पारितोषिक मिळाले. त्याआधी, २००७ साली, कांचा इलैया यांचे श्रमप्रतिष्ठेवरचे मुलांसाठीचे पुस्तक निघाले. कातडे कमावणारे, मडकी घडवणारे, कपडे धुणारे, नांगर धरणारे यांच्या ज्ञानाविषयीचे. त्याची चित्रे दुर्गाबाईंचीच. २०१८ मध्ये कोचीच्या मोठ्या कलाप्रदर्शनात दोघांनी पाण्यात टिकणारे प्लायवूड कापून, रंगवून भिंतीभर कथा मांडली. २०२२ साली दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली.

ही यादी ऐकून आमचा चेहरा खुलला असावा, कारण धाकटी लगेच म्हणाली, ‘आता जनगढचेही ऐका.’ जनगढसिंहांची चित्रे भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतींवर आहेत, पॅरिसच्या प्रदर्शनात गेली आहेत. जपानमधल्या एका संग्रहालयाच्या बोलावण्यावरून ते तिकडे काम करायला गेले आणि २००१ साली तिथेच त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. चाळिशीसुद्धा गाठलेली नव्हती. पुढे त्यावर पुष्कळ लिहिले, बोलले गेले : परक्या मुलखातला एकटेपणा, लांबत गेलेला मुक्काम, मिळणारे तुटपुंजे पैसे. २००१. आमच्या वहीचे साल. आम्ही इकडे वस्तीत जमाखर्चाचा मेळ बसवत होतो तेच वर्ष.

पण आम्हाला त्या पुस्तकाशी बांधले ते एका वेगळ्या गोष्टीने. त्यात आमचे चाळीसगाव आहे.

ज्येष्ठ वाचकांना ती घटना माहीत आहे, तरुणांसाठी सांगतो. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद. धुळे लाइनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते गाडीने चाळीसगावला परतले. स्टेशनवर आपले लोक हार घेऊन उभे होते. रात्री त्यांच्याकडे मुक्काम ठरला होता. महारवाडा चालत जाण्यासारखा, पण नदीपलीकडे. स्टेशनबाहेर टांगे भरपूर होते, तरी बाबासाहेबांना तासभर थांबून राहावे लागले. कारण कोणी सांगेना. शेवटी एक टांगा आला. त्यात बाबासाहेब आणि हाकणारा, दोघेच. बाकीचे आडवाटेने पायी पुढे गेले. टांगा दोनशे पावले गेला नाही तोच मोटारीवर आदळता आदळता राहिला. नदीच्या फरशीवर वळताना घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा नदीत पडला. ते बेशुद्ध झाले. पाय मोडला.

मागाहून कळले ते असे : महाराचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्याला पायी नेणे लोकांना अपमानाचे वाटले. तेव्हा टांगेवाल्याने फक्त टांगा भाड्याने दिला, आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपल्यातलाच एकजण लगाम धरून बसला. बाबासाहेबांनी हे सगळे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. लोकांवर ते रागावलेले दिसत नाहीत. पाहुण्याच्या सुरक्षेपेक्षा त्याची प्रतिष्ठा त्या गरीब माणसांना मोठी वाटली, एवढेच ते नोंदवतात.

‘भीमायन’मध्ये ही घटना आली आहे. ती वाचून धाकटी म्हणाली, ‘मंडल्याकडच्या बाईने आमच्या जिल्ह्यातली गोष्ट काढली. मग मी का नाही?’ आणि तिने टांग्याचे चित्र काढायला घेतले. पंधरा दिवस ती कागद फाडत होती. शेवटी एका रजेच्या दिवशी आम्हीच म्हणालो, ‘चल, जागा तरी बघून येऊ. तिथून धुळ्याला जाऊ, आप्पांकडे.’ आप्पांकडे का, हे तिला सांगितले नाही. वही पिशवीत टाकली. सातशे रुपये वेगळ्या पाकिटात घातले.

जळगावहून सकाळच्या गाडीने पाचोऱ्यावरून चाळीसगाव. स्टेशनबाहेर आता रिक्षा असतात, टांगा नावालाही नाही. पोरीने वहीत स्टेशनचा उतार काढून घेतला, मग रस्त्याचे वळण. आम्ही शेजारी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत होतो. एक म्हातारे गृहस्थ थांबून म्हणाले, ‘मोजणीवाले का?’

स्टेशनजवळच कलामहर्षी केकी मूस यांचे घर आहे, तिथेही गेलो. बाहेरच्या वाचकांना हे नाव नवे असेल. मूस हे पारशी. जन्म मुंबईचा, १९१२ सालचा. आई-वडील चाळीसगावात दुकान चालवत. १९३०च्या दशकात ते इंग्लंडला जाऊन कमर्शियल आर्ट आणि फोटोग्राफी शिकले, देशोदेशीची प्रदर्शने पाहिली, परत आले, आणि नंतर जवळजवळ पन्नास वर्षे, १९८९च्या ३१ डिसेंबरला मरण येईपर्यंत, घराबाहेर पडले नाहीत. फार तर एकदोन वेळा पडले असतील. त्यातली एक खेप विनोबांचे छायाचित्र काढण्यासाठी होती असे सांगतात. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, उजेडाची करामत करून ते अख्खा देखावा उभा करत आणि त्याचे छायाचित्र घेत. छायाचित्रे टपालाने जगभरच्या प्रदर्शनांत जात आणि पदके घेऊन येत. तीनशेच्या आसपास पारितोषिके. माणूस दारात, चित्रे विलायतेत. रात्रीच्या गाडीने येण्याचे वचन दिलेल्या मैत्रिणीची ते रोज दार उघडून वाट पाहत, अशीही कथा गावात सांगतात. ती खरी की खोटी, आम्ही त्यात पडत नाही.

धाकटी त्या छायाचित्रांसमोर हरखून गेली. माणसांचे चेहरे तर असे की सुरकुती सुरकुती बोलते. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘बघा पप्पा, कुठे जायलाच नको. घरी बसून जगभर जाता येते.’

आम्ही कारकून माणूस, आमच्या तोंडून हिशेबच निघाला. म्हणालो, ‘बाई, त्यांचे दार त्यांच्या मालकीचे होते. घरभाडे नव्हते. म्हणून पन्नास वर्षे ते लावून बसता आले.’ मूसांची कला त्याने कमी होत नाही, आणि त्यांनी तपश्चर्या केली यात शंका नाही. पण आप्पांनी दार लावून घेतले असते तर तिसऱ्या दिवशी चूल बंद पडली असती. ज्या गावात हे घर आहे त्याच गावात बॅरिस्टर माणसाचा टांगा हाकायला एकही टांगेवाला मिळाला नाही. दोन्ही गोष्टी त्याच स्टेशनच्या अंगणातल्या. धाकटी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणून तर माझे चार हजार दोनशे पाहिजेत.’

दुपारी धुळ्याची गाडी धरली. जामदा, शिरूड, बोरविहीर. चाळीसगाव-धुळे ही जुनी लाइन, बाबासाहेब १९२९ मध्ये ज्या लाइनवर गेले-आले तीच. बाहेर कपाशी आणि मधूनमधून टेकाडे. धाकटी खिडकीशी बसून चित्र दुरुस्त करत होती. आम्ही वाकून पाहिले. फरशी, दगडांची रांग, कलंडलेले चाक, हवेत फेकले गेलेले बाबासाहेब आणि पुढे माणसांची दाटी. आम्ही म्हणालो, ‘माणसे तिथे नव्हती. ती आडवाटेने गेली होती. बाबासाहेबांनी तसे लिहिले आहे.’ ती म्हणाली, ‘माहीत आहे.’ आणि वही मिटली. आम्हाला वाटले, पोर चूक दाखवल्यावर रुसली.

आप्पा आता सत्तरीपुढे गेले आहेत. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. हात थरथरतो. घराच्या ओट्यावर अजून पत्र्याची पाटी आहे, त्यांच्याच हातची. अक्षरांना सावली दिलेली, इतकी सुंदर की रस्त्यावरच्या सगळ्या फ्लेक्समध्ये तीच तेवढी वाचावीशी वाटते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, जिथे बाबासाहेबांच्या मुक्कामाच्या स्मृतीसाठी ३१ जुलैला आपले लोक जमतात, तिथल्या कितीतरी कमानी आणि फलक कधीकाळी त्यांनी रंगवले होते. त्यांनी आम्हाला ओळखले. ‘ये भो, बैस. खजिनदार ना तू?’

त्या शब्दाने आम्ही खाली पाहिले. चहा झाला. मग आम्ही वही काढली, शेवटचे पान उघडले आणि पाकीट पुढे ठेवले. बोलायचे बरेच ठरवून आलो होतो. व्याजाचा हिशेबही केला होता, बी.कॉम.चा उपयोग दुसरा काय. पण तोंडातून एवढेच निघाले, ‘आप्पा, हे राहिले होते.’

आप्पांनी वही डोळ्यांजवळ नेली आणि पेन्सिलीची ओळ वाचली. मोठ्याने हसले. आत हाक मारून सुनेला म्हणाले, ‘अगं, माझा पडदा आला बघ.’ मग पाकिटातल्या नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. आम्ही व्याजाचे बोललो तेव्हा हात झटकला. ‘व्याज नको. त्या वर्षी पोराच्या फीला कमी पडले होते. उसने घेतले, फेडले. झाले.’ असे म्हणून त्यांनी नोटा खिशात घातल्या. आम्हाला त्यांनी माफ केले की नाही, ते कळले नाही. ते विचारायचे धाडस झाले नाही.

‘पावती पाहिजे?’ त्यांनी विचारले, आणि आम्ही नको म्हणेपर्यंत एक कागद ओढून घेतला. हात थरथरत होता तरी अक्षर वळणदार आले : ‘रु. ७०० मिळाले. पडदा, २००१.’ खाली सही. तो कागद आम्ही वहीत त्याच पानाला चिकटवला आहे.

मग आप्पांनी धाकटीची वही मागितली. एक एक पान उजेडाकडे धरून पाहिले. टांग्याच्या चित्रापाशी थांबले. आम्ही मनात म्हटले, आता हेही माणसांच्या दाटीबद्दल विचारतील. त्यांनी बाबासाहेबांच्या पडणाऱ्या देहावर बोट ठेवून मान हलवली, म्हणजे बरे आहे. मग बोट माणसांच्या दाटीवर आणले आणि धाकटीकडे पाहिले.

‘घोडा कोठे शे, पोरी?’

धाकटी लाल झाली. ‘मागे आहे.’

‘मागे का?’

‘घोडा येत नाही मला, आप्पा. पाय चुकतात.’

माणसांची ती गर्दी घोडा झाकण्यासाठी होती, हे आम्हाला गाडीत दीड तास शेजारी बसून कळले नव्हते. आप्पा म्हणाले की त्यांनाही आयुष्यभर घोडा आला नाही. मिरवणुकीचा पडदा असला की ते घोड्याच्या पायाशी गवत काढायचे, गुडघ्यापर्यंत. ‘पण याच्यात चालायचे नाही. उधळला तोच तर पाहिजे. तोच दिसला नाही तर मग काय दिसले?’ त्यांनी पेन्सिल घेतली, कागदाच्या कोपऱ्यात मागच्या पायाचे हाड काढू लागले, दोन रेघांत हात घसरला. पेन्सिल ठेवून दिली.

‘फोटोवरून काढू नको,’ ते म्हणाले. ‘फोटोतला घोडा उभा असतो. सारंगखेड्याला जा. चार दिवस बस आणि बघ.’

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आपल्या खानदेशात सर्वांना माहीत आहे. तापीकाठी, शहादा तालुक्यात, दत्तजयंतीला भरते. देशभरचे घोडे विकायला येतात. परतीच्या गाडीत धाकटीने आम्हाला विचारले, आपण बौद्ध माणसे यात्रेला जायचे का? आम्ही म्हणालो, यात्रेला कोण जाते, घोडे बघायला जायचे. तिची आई घरी म्हणाली, त्यापेक्षा बँकेचा फॉर्म भरा, तारीख जवळ आली आहे. फॉर्म भरला आहे. प्रकाशकाला धाकटीने तिसरे पत्र पाठवले, या वेळी बिलाच्या प्रतीसह, आणि बिल आम्ही टाइप करून दिले : बारा चित्रे, दर, जमा, बाकी.

दत्तजयंतीला आम्ही दोन दिवसांची रजा मांडली आहे. धुळ्याहून दोंडाईच्यावरून एसटी आहे. तिकिटे तीन काढायची आहेत, आप्पाही येतो म्हणाले.